भाईंदरच्या मुक्कामातली चादर

हॉटेलात पांढऱ्याशुभ्र चादरी घालायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो पुरुषच असणार, आणि त्यानं आयुष्यात स्वतःचा रुमालसुद्धा धुतला नसणार. एवढी म्हातारी झाले, तरी बाहेरगावी कुठे उतरले आणि खोलीत पांढरी चादर दिसली की मी आधी पिशवीतून आपली घरची रंगीत चादर काढते आणि वर पसरते. नाती हसतात. म्हणतात, आजी, इथे धुवायला माणसं असतात. हसा म्हणावं. तुमच्यावर अजून वेळ आलेली नाही.

माझ्यावर आली तेव्हा माझं लग्न होऊन जेमतेम चार दिवस झाले होते.

लढाईचे दिवस होते. हे भाईंदरला मिठाच्या खात्यात कारकून होते आणि लग्नाची रजा संपली म्हणून आम्ही लगेच इकडे आलो. राहायला दोन खोल्या मिळायच्या होत्या, पण त्यात आधी राहणाऱ्यांची सून बाळंत झालेली. बाळंतिणीला उठवून कोण खोली मागणार? तेव्हा आठ-दहा दिवस स्टेशनामागच्या हॉटेलात काढायचे ठरले. हॉटेल कसलं, खाली खाणावळ, वर माडीवर तीन खोल्या, आणि मागे परसात विहीर. पाटीवर मात्र ऐटीत हॉटेल लिहिलेलं. माडीच्या खिडकीतून मिठागरं दिसायची, पार राई-मुर्धा या गावांपर्यंत. दुपारी त्या पांढऱ्या ढिगांवर ऊन असं चढायचं की डोळे उघडवत नसत.

हॉटेल चालवायची एक विधवा बाई. सगळे तिला काकू म्हणत. नेसायला आलवण, डोक्यावरून पदर, उंची बेताची आणि दरारा फौजदाराचा. तिच्या स्वयंपाकघरात सोवळं कडक. मिठाच्या खात्यातले आणि रेल्वेतले मिळून पंधरा-सोळा पुरुष दोन वेळा जेवायला येत, ते त्या सोवळ्याच्या भरवशावरच. त्यांच्या घरच्या बायका गावाकडे, आणि त्यांना वाटे, निदान इथे तरी पोटात शुद्ध जातंय. काकू खोटं बोलत नाही, अशीही तिची ख्याती. वांगं किडकं निघालं तर सांगायची, आज वांगी किडकी आहेत, खायची तर खा.

आलो त्या दिवशी तिनं स्वतः वर येऊन गादीवर चादर घातली आणि मला बजावलं, "सूनबाई, कंट्रोलचं कापड आहे. लढाई संपेपर्यंत दुसरी मिळायची नाही."

मी मान डोलावली. सतरा वर्षांची होते. त्या वयात मान डोलवायला काय लागतं?

आता चादरीचं काय झालं ते सांगते, आणि आडपडदा न ठेवता सांगते. या वयात लाजून काय करायचं? लग्नात मामानं दिलेली अष्टपुत्री मी रात्री निजायला नेसले होते. अष्टपुत्री म्हणजे हळदीत रंगवलेलं सुती लुगडं, नवरीचं. पाण्यात दोनदा घुसळल्याशिवाय ते अंगाला लावू नये हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वैशाख, त्यात खाडीकाठचा दमटपणा, अंगाला घामाच्या धारा. पहाटे उठून बघते तर चादरीवर हातभर पिवळा डाग. आणि त्याच्याशेजारी, वीतभर अंतरावर, दुसरा. लहान. तो हळदीचा नव्हता. मला रात्रीत कावळा शिवला होता, आठ दिवस आधीच. लग्नाच्या दगदगीत असं होतं म्हणतात. कुणाकुणाला होतं, आणि मला नेमकं हॉटेलात झालं.

हे पहाटेच मिठागरावर गेले होते. गेल्या गेल्या मी खाली जाऊन काकूला सांगायला हवं होतं. घरी आईला सांगितलं असतं, कोपऱ्यात चटई टाकून चार दिवस बसले असते, विषय संपला असता. पण इथे माझं कोण होतं? कोपरा तरी कुठला? खाली पंधरा पुरुष जेवायला येणार, त्यातले अर्धे ह्यांच्या कचेरीतले. नवी नवरी बाहेरची झाली ही बातमी पंगतीला वाढून व्हायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आधी डाग काढू, मग सांगू. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक लगेच केली. न्हाणीतल्या बंबात पाणी कढत होतं, ते बादलीभर घेतलं आणि मागच्या दगडावर चादर त्यात बुडवली. भाईंदरच्या विहिरींचं पाणी मचूळ, साबण फेस धरत नसे, म्हणून तिथे धुण्याच्या सोड्याचा डबा ठेवलेला असायचा. मी मूठभर सोडा घातला आणि घासायला लागले.

आणि पिवळा डाग माझ्या डोळ्यांदेखत लाल झाला. लाल म्हणजे कसा, कुंकवासारखा. घासावं तसा गडद होत गेला. बादलीतलं पाणीसुद्धा तांबडं. शेजारचा लहान डाग कढत पाण्यानं गेला नाहीच, उलट घट्ट बसला. आता दोन्ही डाग तांबडे, आणि बघणाऱ्याला वाटावं इथे बकरं कापलंय. मला तर वाटलं देवच मला उघडं पाडतोय. मी चादर बादलीत कोंबली आणि वर घमेलं पालथं घातलं.

तेवढ्यात आतून काकूची हाक आली. "सूनबाई, मोकळी असशील तर चार वांगी चिरून दे गं."

मोकळी नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. मी गेले. त्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात, तशा अवस्थेत, गेले. वांगी चिरली. काकूनं सांगितलं म्हणून आमटी ढवळली. आज माझ्या सुनांना आणि नातींना यात काही वाटायचं नाही, वाटूही नये. पण तेव्हा मी जे केलं ते त्या पंधरा माणसांच्या ताटात विष कालवण्याइतकं मोठं होतं, आणि मला ते पुरतं ठाऊक होतं. उघडकीला आलं असतं तर त्या दिवसापासून काकूच्या खाणावळीत कोण जेवलं असतं? ह्यांना कचेरीत तोंड वर काढता आलं नसतं. आणि मला, चार दिवसांच्या नवरीला, सासरी काय म्हणून ओळखलं असतं ते सांगायलाच नको. काकू एकदा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "ऊन लागलं का गं?" मी हो म्हटलं.

दहाच्या सुमाराला माणसं आली. पाटपाणी झालं. ह्यांच्या कचेरीतले हेडक्लार्क, वयस्कर गृहस्थ, जप केल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारे, हातपाय धुवायला मागे गेले. तांब्या भरायला म्हणून त्यांनी बादलीवरचं घमेलं उचललं.

ते परत आले आणि पाटावर बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "काकू, मागे बादलीत काय आहे ते आधी बघा. मग वाढा."

माणूस वाईट नव्हता हो. त्याच्या जागी माझे वडील असते तरी हेच बोलले असते. पण तेवढे शब्द पुरे झाले. घरात बाईमाणूस दोनच, एक काकू आणि एक मी. सगळ्यांच्या माना आधी काकूकडे आणि मग माझ्याकडे वळल्या. हे भिंतीशी बसले होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना काही कळलं नव्हतं, आणि काहीतरी वाईट आहे एवढंच कळलं होतं.

काकू पळी ठेवून मागच्या दारी गेली. मी तिच्या मागे. दारात पाच-सहा पुरुष येऊन उभे राहिले, हेही त्यात.

मागे राईची एक आगरी बाई राखेनं भांडी घासत बसली होती. सकाळी इथे झाडलोट, भांडी, धुणं, आणि दिवस चढला की मिठागरात पाट्या वाहायला जायची. स्वयंपाकघराचा उंबरा तिनं कधी ओलांडला नव्हता. मी तिला मावशी म्हणायचे. ती माझ्याशी दोन दिवसांत चार वाक्यं बोलली असेल.

काकूनं बादलीत पाहिलं.

मावशीनंही मान वाकडी करून पाहिलं आणि भांडं घासता घासता म्हणाली, "हलद हाय ती."

हेडक्लार्क दारातून म्हणाले, "हळद लाल असते होय? आम्हाला शिकवतेस?"

"सोडा लागला का लाल व्हते, साहेब. आमच्यात लगनाला आख्खा गाव हलदीत लोलतो. ती कापरं कोन धुतंय, तुमी का मी?"

कुणीतरी हसलं. हेडक्लार्क हसले नाहीत. म्हणाले, "असं तोंडानं बोलून काय होतंय?"

मावशी उठली. हात लुगड्याला पुसले. परसात आंब्याचं झाड होतं, खाली वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्या. एक कैरी उचलून तिनं दगडावर आपटली, दोन फोडी केल्या, आणि बादलीतून चादर ओढून काढली.

डाग दोन होते. दोन्ही तांबडे, वीतभर अंतरावर. एकावर कैरी घासली तर मी सुटणार होते, दुसऱ्यावर घासली तर संपले होते. आणि बोलायची सोय नाही. हा नको, तो घे, असं कसं सांगणार? मावशीनं चादर हातांतून सरकवत नेली. लहान डाग आला. तिचा हात तिथे क्षणभर थांबला. मग तो भाग तिनं मुठीत गोळा केला, जसं धुणं पिळताना गोळा करतो तसा, आणि पुढे सरकली. मोठा डाग दगडावर पसरला. त्यावर कैरीची फोड घासली.

जिथे जिथे कैरी फिरली तिथे लालाचं पिवळं झालं. लगेच, बघता बघता. लालभडक डागाच्या मधोमध एक पिवळाधमक पट्टा. लहान मुलानं घासला असता तरी दिसला असता. मावशीनं तो भाग उचलून दारातल्या माणसांपुढे धरला. दुसरी मूठ तिच्या कमरेपाशी घट्ट मिटलेली.

"बगा," ती म्हणाली.

हेडक्लार्कांनी वाकून बघितलं. बोट लावून बघितलं. मग खाली मान घालून म्हणाले, "हळदच आहे की. माझी चूक झाली." आणि ह्यांच्याकडे वळून, "सूनबाईंना सांगा, राग मानू नये." एवढा मोठा माणूस, हाताखालच्या कारकुनासमोर असं बोलला, हेही मी विसरले नाही. पुरुष हसत, बोलत आत गेले. ह्यांच्या तोंडावर रंग परत आला. मावशीनं चादर गुंडाळून काखेत घेतली आणि कुणी काही म्हणायच्या आत परसाच्या मागच्या वाटेनं चालती झाली.

मी सुटले होते. निदान मला तसं वाटलं. काकूकडे बघायचं धाडस मात्र झालं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि विचारलं, "डोकं दुखतंय का गं तुझं?"

मी पुन्हा मान डोलावली.

"मग इथेच सावलीत बस. आत येऊ नकोस."

ती आत गेली. मी आंब्याखाली बसून राहिले. थोड्या वेळानं करपल्याचा वास आला. चांगला खमंग, परसापर्यंत. मग काकूचा आवाज, "आमटी लागली. वांगीही गेली. थांबावं लागेल सगळ्यांना, पुन्हा टाकते." आत कुरकुर झाली, कुणाची कचेरी, कुणाची गाडी. काकू म्हणाली, "लागलेलं वाढायचं नाही माझ्याकडे. घाई असेल त्यानं दहीभात घ्यावा." करपलेलं पातेलं तिनं स्वतः मागे आणून ओतलं आणि विहिरीवर अंघोळ केली, भर उन्हात, पुरुष ताटकळत बसलेले असताना. मग नव्यानं चूल पेटवली.

ती आमटी ढवळली होती मी. लागण्यासारखी नव्हती, वरणाचं पाणी चांगलं टोपभर होतं. मी तिथे बसून मनात जुळवलं. काकूला कळलं होतं. बादलीत पाहिलं तेव्हाच कळलं होतं. आता ती काय करणार याची वाट बघत मी तो दिवस काढला.

तिनं केलं ते असं. ह्यांना बोलावून सांगितलं, "बायको डोकं दुखतंय म्हणते तुमची. वैशाखाचं ऊन, नवी हवा. चार दिवस तिला खाली उतरू देऊ नका. आणि वर उकडतं, तुम्ही आपले पुढच्या पडवीत निजा." बिचारे हो म्हणाले. चारच दिवस का, हे त्यांनी विचारलं नाही. पुरुषांचं हे एक बरं असतं. मला मात्र दोन्ही वेळा जिन्याच्या वरच्या पायरीवर केळीचं पान मिळे. काकू ते लांबूनच ठेवी, सरकवी, आणि मी उचललं की पाठ फिरवून खाली जाई. तांब्याला तांब्या लागू दिला नाही. तिचा नियम तिनं तसूभर मोडला नाही, आणि माझी अब्रूही जाऊ दिली नाही. दोन्ही कसं जमवावं हे मोठमोठ्या शास्त्र्यांना सांगता आलं नसतं.

संध्याकाळी मावशी वर चादर घेऊन आली. पांढरी, कोरडी, उन्हाचा वास येणारी. मी तिचे पायच धरणार होते, ती मागे सरली. मी विचारलं, "मावशी, कुठला डाग कसला ते कळलं कसं?"

"तुला घासताना सकालीच बगितला." ती दारात टेकली. "पोरी, रगताला थंड पानी लागतंय. गरम टाकला का बसला, न मंग तपकिरी व्हतो. न हलदीला काय नको, ऊन दे, आपून जातं. तू दोनी उलटं केलंस."

"मग आज गेला कसा?"

"आगरातला खारा पानी. दोन घंटे भिजवला. आमी बाया दुसरं कायच वापरत न्हाय." आणि उठता उठता म्हणाली, "लाजू नुको. चादरीचं काम हाय डाग घ्यायचं."

ही बाई मी पुढे सात वर्षं बघितली. आम्हाला खोल्या मिळाल्या, मुलं झाली, आणि माझ्या घरचं धुणं तीच करायची. त्या दिवसाचा विषय तिनं एकदाही काढला नाही, माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे. मला लिहिता-वाचता येत होतं, तिला येत नव्हतं. पण शहाणी कोण, हे मला कुणी विचारू नये.

पाचव्या दिवशी पहाटे काकू माडीवर आली. पहिल्यांदाच दारापर्यंत. म्हणाली, "डोकं राहिलं असेल. पाणी तापलंय, डोक्यावरून न्हा आणि खाली ये."

न्हाऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आत पाऊल टाकवेना. चार दिवस मनात घोळवलेलं एका दमात बोलून टाकलं. म्हटलं, काकू, मला ठाऊक होतं आणि तरी मी आत आले. तुम्हाला माझ्यापायी खोटं बोलावं लागलं.

काकू विळीपुढे पाट मांडत होती. तिनं वर पाहिलं. खरंच रागावली होती ती.

"खोटं मी कधी बोलले? आमटी लागली म्हटलं, तर लागली होती. उभं राहून लागू दिली मी ती, तळ काळा होईपर्यंत, आणि मग तोंड उघडलं. डोकं दुखतं हे तू म्हणालीस. हळद आहे हे त्या साहेबांनी म्हटलं. माझ्या तोंडून एक अक्षर खोटं गेलेलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पुढच्या खेपेला मला आधी सांग. दर महिन्याला आमटी कुठून जाळू?"

मी हसायला गेले आणि रडूच कोसळलं. चार दिवसांचं सगळं बाहेर आलं, हुंदके देऊन. तिकडे पुढच्या पडवीत हे उठून चूळ भरत होते, जेवणारे दोघे-तिघे चहाला आले होते, बोलण्याचे आवाज जवळ येत होते. काकूनं दाराकडे पाहिलं. ती स्वतः कांद्याला शिवत नसे, पंगतीसाठी लागायचा तो गडी बाहेर चिरायचा. ती उठली, मागच्या पडवीतली कांद्याची टोपली पायानं सरकवत माझ्यापुढे आणली, गड्याची विळीही तशीच पुढे केली आणि म्हणाली, "हे चीर आता. सगळे चीर. कुणी विचारलं तर खरंच सांगता येईल."